जुने वॉशिंग मशीन पुन्हा चालू करताना : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला : माळ्यावर, जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत धूळ खात पडलेले जुने वॉशिंग मशीन. सोलापुरात हा विषय निघावा यात नवल नाही. नळाला रोज पाणी येत नाही तिथे दोन टबांच्या जुन्या मशीनला तोड नाही. साबणाचे तेच पाणी आधी पांढऱ्या कपड्यांना, मग रंगीत कपड्यांना आणि शेवटी पायपुसण्यांना चालते. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन दर फेरीला ते गटारात सोडून देते. शिवाय जुन्या मशीनचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा होतो आणि बदलता येतो. म्हणून ही उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : १९९०च्या दशकात घेतलेले दोन टबांचे मशीन बरीच वर्षे बंद होते. परवा लावले तर धुण्याच्या बाजूला नुसता 'हूं' असा आवाज येतो, चकती फिरत नाही. ड्रायर फिरतो. मेकॅनिक म्हणतात मोटर गेली, नवी टाका. टाकावी का?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : एवढ्यात टाकू नका. हूं करणारी मोटर बहुतेक वेळा जिवंत असते. एकतर तिला फिरायला जागा नसते, नाहीतर तिचा कॅपॅसिटर (मोटरीला फिरायला जोर देणारा डबीसारखा भाग) मेलेला असतो. या दोन्ही गोष्टी मोटरीच्या तुलनेत फार स्वस्तात सुटतात. मात्र तपासणी पुढे सांगतो त्याच क्रमाने करा आणि तोवर मशीन पुन्हा लावून पाहू नका. अडकलेली मोटर दोन-चार मिनिटे हूं करत राहिली की वाइंडिंग (मोटरीत गुंडाळलेली तार) खरोखरच जळते.

प्लग काढा. मागचे झाकण उघडा आणि आधी उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते पाहा. बंद पडलेल्या मशीनमध्ये उंदराचे घर हमखास सापडते. मग टबात हात घालून चकती फिरवून पाहा. सहज फिरली तर दोष विजेचा, घट्ट असेल तर यंत्राचा.

घट्ट असेल तर चकतीच्या मधला स्क्रू काढा. स्क्रू निघाला तरी चकती निघणार नाही, कारण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार दांड्यावर दगडासारखे जमलेले असतात. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लॅस्टिकची कड तुटते आणि तशी चकती पुन्हा मिळेल याची खात्री नाही. मधल्या भोकात कोमट पाण्यात कालवलेले सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) ओता आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चकतीच्या कडेखालून समोरासमोर दोन मजबूत सुतळ्या घाला आणि दोन्ही बाजूंनी एकदम सरळ वर ओढा. खाली नाणी, बटणे, हेअरपिना आणि राखाडी चिकट गाळ निघेल. कित्येकदा आजार एवढाच असतो.

त्यानंतर खालचा पट्टा उतरवा आणि मोठी पुली हाताने फिरवा. खरखर लागली तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) किंवा बेअरिंग गेले. पुलीच्या वर तांबूस ओघळ दिसले तर सील (दांड्याभोवतीची पाणी अडवणारी रबरी कडी) गळून पाणी आत गेले आहे. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. दुकानात जुने सीलच घेऊन जा, नुसते मशीनचे नाव सांगून भागत नाही. नवे सील बसवताना स्प्रिंगची बाजू पाण्याकडे ठेवा आणि ओठाला पाण्याने न धुपणारे ग्रीस लावा. त्याआधी दांड्यावर जुन्या सीलच्या जागी नख फिरवून पाहा. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे आणि नवे सीलही महिन्याभरात गळेल. सील एक-दोन मिलिमीटर वर-खाली बसवता आले तर ते कोऱ्या दांड्यावर टेकते. तेवढी जागा नसेल तर दांडा बदलावा लागेल.

आता कॅपॅसिटर. तो आधी रिकामा करा, पण स्क्रूड्रायव्हरने दोन टोके जोडून ठिणगी काढायची पद्धत सोडा. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब दोन टोकांना काही सेकंद धरला की काम होते. कॅपॅसिटर मोजायची सोय असलेल्या मल्टिमीटरवर तो मोजा. वर १० मायक्रोफॅरड लिहिले असेल आणि ६ भरत असेल तर हूं का करते ते कळले. छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरणारा कॅपॅसिटर बदला. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, मोटरींसाठी असतो तसा ४४० व्होल्टचा घ्या. 'जोर वाढेल' म्हणून मोठा टाकू नका, वाइंडिंग तापते.

कॅपॅसिटर चांगला निघाला तरच मोटरीवर संशय घ्या. मोटरीच्या तीन वायर सोडवून दोन-दोन करून ओहम मोजा. ज्या जोडीत सर्वांत जास्त ओहम येतात ती दोन वाइंडिंगची टोके, उरलेली तिसरी वायर कॉमन. धुण्याची मोटर उलटी-सुलटी फिरते म्हणून कॉमनपासून दोन्हीकडे जवळजवळ सारखे ओहम यायला हवेत. ड्रायरच्या मोटरीत हे दोन आकडे वेगळे येतात, तो दोष नव्हे. शेवटी वाइंडिंग आणि मोटरीचे लोखंड यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचे यंत्र) इन्सुलेशन मोजून घ्या. २ मेगओहमच्या वर हवे. कमी आले तर लगेच रिवाइंडिंगला देऊ नका. बंद मशीनची मोटर बहुतेक वेळा नुसती ओल धरून बसलेली असते. सोलापूरचे एप्रिलमधले ऊन दोन दिवस दाखवा किंवा खोक्यात १०० वॅटच्या बल्बशेजारी दिवसभर ठेवा आणि पुन्हा मोजा.

सगळे जुळवल्यावर टब भरून रात्रभर तसाच ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद कोरडा असेल तरच मशीन लावा. पहिली १५ मिनिटे नुसत्या पाण्यावर, मग निम्म्या कपड्यांवर. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १८०च्या आसपास उतरत असेल तर धुणे सकाळी काढा. अशा मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, २३० ऐवजी १८० मिळाले की जोर सुमारे ६१ टक्केच उरतो. मग ठणठणीत मशीनही भरल्या टबात हूं करत बसते.

प्रश्न : मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. खाली लाकडी पाट ठेवल्यावर कमी वाटतात. तसेच चालवले तर चालेल का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. आजच प्लग काढून ठेवा. पाटामुळे दोष जात नाही, तो फक्त जाणवत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून एका हाताने नळ आणि दुसऱ्याने मशीन धरले जाते तेव्हा पाट कामाला येत नाही.

झिणझिण्यांची दोन कारणे एकत्र असतात : कुठून तरी वीज पत्र्यापर्यंत येते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. वीज कुठून येते ते शोधायला प्लग काढलेल्या अवस्थेत मेगर लावा, प्लगच्या दोन पिना एकत्र करून एकीकडे आणि पत्रा दुसरीकडे. टायमर चालू स्थितीत आणि ड्रायरचे झाकण बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर मोटरी जोडलेल्याच नसतात आणि आकडा खोटा चांगला येतो. मग एकेक मोटर सुटी करत मोजले की दोषी कोण ते कळते. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे ड्रायरच्या खालचे फाटलेले रबर (त्यातून साबणाचे पाणी थेट मोटरीवर ठिबकते) आणि पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली वायर.

दुसरी बाजू अर्थिंगची. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखेच व्होल्ट दाखवायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. फेज-अर्थचा आकडा डगमगत असेल तर तुमच्या घरात अर्थिंगची पिन आहे, अर्थिंग नाही. आपल्याकडे वर थोडी काळी माती आणि खाली मुरूम, काळा दगड. उन्हाळ्यात तो कोरडाठाक पडला की पावसाळ्यात चांगले चालणारे अर्थिंगही निकामी होते. खड्ड्यात अडीच मीटर लांबीचा ४० मिलिमीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप नीट पुरलेला असावा, रोध ५ ओहमच्या आत असावा आणि मार्चपासून पाइपात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतावे. घरातले वापरलेले पाणीही चालते. अर्थची वायर न्यूट्रलला जोडून 'काम भागवणारे' लोक आहेत. तसे कदापि करू देऊ नका, बाहेर न्यूट्रल तुटली की मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा. जुन्या मशीनवर खर्च करायला एवढेच पैसे असतील तर ते रंगावर नको, इथे घाला.

प्रश्न : ड्रायरमध्ये चादर टाकली की मशीन नाचते, भिंतीवर आपटते. स्प्रिंगा बदलून झाल्या.
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : स्प्रिंगा एकदम तिन्ही बदलल्या का? एकच दबून बसलेली स्प्रिंग बदलली तर नवी उंच आणि जुन्या दोन बुटक्या राहतात, मोटर तिरकी बसते आणि नाच वाढतो. तिन्हींची उंची पट्टीने मोजा, त्यांच्या रबरी टोप्याही पाहा.

पण तुमच्या बाबतीत दोष चादरीच्या घडीत असावा. सोलापुरी चादर जाड सुती विणीची, भिजली की तिचे वजन दुपटीहून अधिक होते. ती गोळा करून टाकली की सगळा भार एका बाजूला जातो. आधी ती टबावर धरून हाताने निथळू द्या. मग लांब पट्टी करून ड्रायरच्या भिंतीलगत गोल फिरवत बसवा, मध्ये पोकळी ठेवा. टॉवेल असतील तर समोरासमोर सारखे टाका, टेरी टॉवेल तर चादरीपेक्षा जास्त पाणी धरतो. वर प्लॅस्टिकची जाळीदार चकती दाबून बसवलीच पाहिजे. ती हरवली म्हणून बरेच जण तशीच मशीन चालवतात आणि कपडे वर चढून ड्रायर आणि टबाच्या फटीत अडकतात.

चार पाय जमिनीला टेकतात का ते स्पिरिट लेव्हलने पाहा. त्यानंतरही नाचले तर ड्रायरच्या दांड्याचा बुश झिजला आहे. ड्रायर रिकामा असताना त्याची वरची कड धरून हलवा. तो स्प्रिंगांवर सगळा मिळून डोलणे ठीक, पण खालच्या दांड्यापाशी खट्खट् लागायला नको.

ब्रेक जरूर तपासा. झाकण उचलल्यावर ड्रायर १५ सेकंदांच्या आत थांबायला हवा. थांबत नसेल तर झाकणापासून ब्रेकपर्यंत जाणारी तार सैल झाली आहे किंवा ब्रेकचे लायनर (घासून ड्रायर थांबवणारी पट्टी) संपले आहे. लायनरची धूळ फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाकणाचा स्विच खराब झाला म्हणून तो वगळून वायर थेट जोडून टाकणे हा या मशीनमधला सर्वांत धोकादायक जुगाड आहे. फिरत्या ड्रायरमधल्या ओल्या कपड्यात बोट अडकले की हात पिळला जातो.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने टबाला पांढरा थर आला आहे. टॉयलेट क्लीनरने झटक्यात जातो असे ऐकले. वापरू का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : जातो, आणि त्याबरोबर मशीनही जाते. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. स्टीलच्या ड्रायरला त्याने बारीक खड्डे पडतात, ॲल्युमिनियमची पुली खाल्ली जाते. आणि टबात ब्लीचिंग पावडरचा अंश राहिला असेल तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

थरावर लिंबाचा थेंब टाका. फसफसले तर तो कॅल्शियम कार्बोनेट. अर्धा टब म्हणजे साधारण २० लिटर कोमट पाणी घ्या, २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, १० मिनिटे फिरवा, तासभर ठेवा, पुन्हा १० मिनिटे फिरवा आणि सोडा. उकळते पाणी नको, जुने प्लॅस्टिक वाकते. जाड थराला दोन-तीनदा करावे लागेल. थर फसफसत नसेल, बोटाला चिकट लागत असेल तर तो साबणाचा मळ. जड पाण्यात वडीच्या साबणाचा चोथा होतो आणि तो टबाच्या आत, चकतीखाली, पाणी सोडायच्या नळीत साचतो. त्याला नुसते सायट्रिक ॲसिड पुरत नाही, गरम पाणी आणि डिटर्जंट पावडर लागते. मशीनमध्ये वडी किसून घालणे बंदच करा.

पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरी सोय नसल्यास ६०० धरली आहे. तुमच्या बोअरचा आकडा तपासून घ्या. टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र दाखवतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही. बोअर आणि नळ दोन्ही असतील तर धुणे बोअरवर करा आणि शेवटची खळबळणी उजनीच्या नळाच्या पाण्यात. कपडे कडक होत नाहीत आणि शेवटचे पाणी टबात क्षार सोडत नाही.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आहे. आजीच्या मशीनचा चावीचा टायमर मोडला आहे. त्या जागी मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी चिप) आणि रिले (विजेने चालणारे स्विच) बसवून, आपोआप पाणी भरण्याचीही सोय करायची आहे. काय काळजी घ्यावी?
— एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : कल्पना चांगली आहे, पण आधी पट्टा, सील, कॅपॅसिटर, अर्थिंग ठीक करा. गळक्या मशीनवर नवा मेंदू बसवला तर तो आधी भिजेल.

बहुतेक जण एक रिले सुलट दिशेला आणि एक उलट दिशेला लावतात. इथेच घात होतो. कॅपॅसिटर दोन वाइंडिंगच्या टोकांमध्ये जोडलेला असतो. प्रोग्राम अडकून दोन्ही रिले एकदम लागले तर तो रिलेंच्या संपर्कांतून क्षणात रिकामा होतो आणि संपर्क एकमेकांना वेल्ड होतात. त्याऐवजी पहिला रिले फक्त चालू-बंदसाठी ठेवा. त्याचा फेज दुसऱ्या, चेंजओव्हर रिलेच्या कॉमनला द्या. त्याचे एक टोक सुलट वाइंडिंगला, दुसरे उलट. दोन्ही वाइंडिंगना एकदम फेज मिळणेच मग अशक्य होते, प्रोग्राम कितीही चुकला तरी. क्रम असा : पहिला रिले बंद, अर्धा सेकंद थांबा, दुसऱ्याची दिशा बदला, आणखी अर्धा सेकंद, मग पहिला चालू. प्रत्यक्षात चार सेकंदांची विश्रांती द्या, कारण पाणी आणि कपडे उलट्या दिशेने घुमत असताना मोटर दामटली तर पट्टा आणि गिअर झिजतात. २० सेकंद सुलट, ४ थांबा, २० उलट हे साध्या कपड्यांना ठीक. नाजूक कपड्यांना ५ सेकंद फिरवून १० थांबवा.

रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असते ते हीटरसारख्या भारासाठी. मोटर सुरू होताना झटका मोठा असतो, म्हणून १६ किंवा ३० अँपिअरचा घ्या. पहिल्या रिलेच्या संपर्कांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ दर्जाचा कॅपॅसिटर आणि त्याच्या ओळीत १०० ओहमचा रोध लावा, ठिणगी कमी होते आणि मायक्रोकंट्रोलर मध्येच रीसेट होत नाही. यातून रिले बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात. म्हणजे 'बंद' मशीनच्या वायरला हात लावणे सुरक्षित नाही, प्लग काढलाच पाहिजे. ड्रायरच्या झाकणाचा स्विच प्रोग्रामवर सोपवू नका. तो मोटरीच्या वायरमध्येच, ओळीत राहू द्या. सर्किटची पेटी टबाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, बंदिस्त, वायर खालून आत येतील अशी बसवा.

आता आपोआप पाणी भरणे. ऑटोमॅटिक मशीनमधला साधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी तोटी) पाण्याच्या दाबावरच उघडतो आणि मिटतो, त्याला साधारण ०.३ बार दाब लागतो. १० मीटर उंचीला जेमतेम १ बार मिळतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा ३ मीटर वर असेल तर दाब कसाबसा ०.३ बार, आणि टाकी अर्धी झाली की त्याहून कमी. व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे नीट मिटत नाही. कमी दाबावर चालणारा मोटरचा बॉल व्हॉल्व्ह हा यावर उपाय आहे. पातळीसाठी हवेच्या नळीचा प्रेशर स्विच आणि शिवाय १० मिनिटांत पाणी भरले नाही तर व्हॉल्व्ह बंद करणारी वेळेची मर्यादा, दोन्ही हवे.

आमचे मत विचाराल तर टायमर जरूर बदला, पण पाणी भरणे आजीच्या हातातच ठेवा. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात एक व्हॉल्व्ह अडकला तर हजार लिटरची टाकी दुपारच्या झोपेत रिकामी होईल.

प्रश्न : आजोबांनी परदेशातून आणलेले, कपडे पिळायच्या रोलरचे मशीन आहे. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल लिहिले आहे. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल (हर्ट्झ) बदलत नाही. ६० सायकलवर मिनिटाला १७२५ फेरे घेणारी मोटर आपल्या ५० सायकलवर १४३०च्या आसपास फिरेल. अडचण वेग कमी होण्याची नाही. अशा मोटरीत सुरुवातीची वाइंडिंग एका केंद्रोत्सारी स्विचने सुटते आणि तो स्विच साधारण १३५० ते १४४० फेऱ्यांच्या दरम्यान उघडायला बसवलेला असतो. आपल्या विजेवर मोटर तिथपर्यंत पोहोचलीच नाही तर सुरुवातीची वाइंडिंग जोडलेली राहते आणि काही मिनिटांत जळते. शिवाय ५० सायकलवर तिला ९६ व्होल्टच पुरेत, ११५ दिले तर लोखंड तापते.

मूळ मोटर जपून काढून ठेवा. त्या जागी तेवढ्याच एचपीची, २३० व्होल्ट, ५० सायकल, १४४० फेऱ्यांची मोटर बसवा आणि मोटरीची पुली २० टक्के मोठी करा. २ इंचाची असेल तर २.४ इंच, म्हणजे लेथवर करून घ्यावी लागेल. फिरण्याची दिशा पाहून घ्या, उलटी असेल तर सुरुवातीच्या वाइंडिंगची दोन टोके अदलाबदल करा. गिअरबॉक्समधले जुने तेल घट्ट डिंकासारखे झालेले असते, ते रॉकेलने धुऊन काढून नवे गिअर ऑइल भरा. रोलरचे रबर कडक होऊन तडकले असेल तर कापड प्रक्रियेच्या मशीनचे रोलर पुन्हा रबर चढवून देणाऱ्यांकडे चौकशी करा, मऊ रबर मागा. पण रोलरची झटक्यात सुटणारी सेफ्टी दांडी चालत नसेल तर ते मशीन शोभेला ठेवा. त्या रोलरमध्ये बोटेच नव्हे, कोपरापर्यंत हात जातो.

प्रश्न : खालचा पत्रा गंजून झडला आहे. पावडर कोटिंग करून घ्यावे का?
— एक वाचक, कुमठा नाका

उत्तर : झडलेला भाग कापून त्या जागी २२ गेजचा जीआय पत्रा रिव्हेटने बसवा. वेल्डिंग करायचे असेल तर मोटरी आणि वायरिंग आधी बाहेर काढा. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंश तापते, त्यामुळे पत्र्याला एकही रबर, प्लॅस्टिकची क्लिप किंवा स्टिकर राहता कामा नये. पूर्ण सुटा होणारा पत्रा नसेल तर हाताने रंगवा : ८० नंबरचा आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, रस्ट कन्व्हर्टर, झिंक फॉस्फेट प्रायमर, मग दोन हात पीयू रंग. अर्थची वायर जिथे पत्र्याला बसते तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या. सुंदर रंगवलेल्या मशीनचे अर्थिंग रंगामुळेच तुटलेले असते.

प्रश्न : जुने फ्रंट लोड मशीन सुकवताना विमानासारखा आवाज करते. दुरुस्त करावे की भंगारात?
— एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : आवाज बेअरिंगचा आहे. दार उघडून ड्रमची पुढची कड वर-खाली हलवा, बाहेरच्या टबापासून वेगळी खट्खट् लागली तर खात्री झाली. बेअरिंग दोन असतात, वेगवेगळ्या मापांची. नंबर त्यांच्यावरच असतो. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घ्या, सोबत पाण्याचे सीलही नवेच. ठोकून बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर मारा, आतल्या कड्यावर मारलेले बेअरिंग पहिल्या दिवसापासून आजारी.

निर्णय मात्र ड्रमच्या मागच्या तीन हातांच्या ॲल्युमिनियमच्या कोळ्यावर (ड्रमला दांड्याशी जोडणारा भाग) अवलंबून आहे. बोअरचे पाणी आणि क्षारयुक्त डिटर्जंट त्याला खातात. ब्रशने पांढरी भुकटी झाडा आणि हात जिथे मध्यभागी मिळतात तिथे चिरा शोधा. चीर असेल आणि तसाच कोळी मिळत नसेल तर थांबा, वेल्डिंग टिकत नाही आणि ड्रम वेगात असताना सुटला तर मशीन फोडतो. कोळी शाबूत असेल तर बेअरिंगचा खर्च करा. मशीन उघडलेच आहे तर हीटर मोजून घ्या : २००० वॅटचा असेल तर सुमारे २६ ओहम. मोटरीचे कार्बन ब्रश १० मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर जोडीने बदला. आणि हे मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, हीटर एकटा पावणेनऊ अँपिअर ओढतो.

प्रश्न : पट्टा किती ताणावा?
— एक वाचक, बुधवार पेठ

उत्तर : दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. जास्त ताणला तर बुश झिजतो, सैल राहिला तर भरल्या टबात घसरून करपल्याचा वास येतो. नंबर जुन्या पट्ट्याच्या पाठीवर छापलेला असतो. तो पुसला असेल तर पट्ट्याभोवती दोरा गुंडाळून लांबी घ्या आणि रुंदी वेगळी मोजा.